शेवटच्या पाच ओळी

सोमवार, ता. ४

आजपासून हवामानाचा कोपरा माझ्याकडे. पहिलं पान, डाव्या हाताला, वरपासून खालपर्यंत एक कॉलम. एकोणीस वर्षं आतल्या पानांवर पाणीकपात, खड्डे आणि हरवलेली कुत्री यांना शीर्षकं देत बसलो होतो. छप्पन्नाव्या वर्षी का होईना, पहिल्या पानावर पाय ठेवला. दोन वर्षांनी निवृत्ती आहे, म्हणजे अगदी वेळेवरच म्हणायचं.

संपादकांनी केबिनमध्ये बोलावून समज दिली. "हे बघा, लोक सकाळी चहाचा कप हातात घेऊन वाचतात. त्यांना घाबरवायचं नाही. हलकंफुलकं ठेवा. तुम्हाला जमतं ते." जमतं खरं. ऑफिसात मला शीर्षकसम्राट म्हणतात. त्यात निम्मी चेष्टा असते, पण मी उरलेली निम्मीच घरी आणतो.

आजचं शीर्षक: 'पारा चाळिशीपार, आता तरी चष्मा लावा!' सोबत कारंज्यात उड्या मारणाऱ्या पोरांचा फोटो. फोटोवाल्याकडे असे कारंज्याचे फोटो साठवलेले आहेत. ऊन वाढलं की त्यातला एक काढून देतो. आजचा चार वर्षांपूर्वीचा होता. त्यातल्या पोरांना आता मिसरूड फुटलं असेल.

ही वही ताईने दिली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात दोन वाक्यं आहेत: 'रोज लिही. फापटपसारा नको.' रोज जमेल असं वाटत नाही.

मंगळवार, ता. ५

सकाळी साडेसातला ताईचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "सहा."

दहापैकी सहा. गेली एकोणीस वर्षं ती माझी शीर्षकं कापून एका जाड वहीत चिकटवते, त्यांना गुण देते आणि साडेसातला निकाल सांगते. चौतीस वर्षं शाळेत भाषा आणि शास्त्र शिकवलं, ती सवय काही सुटली नाही. आजवर तिने मला आठच्या वर कधी दिलेले नाहीत. आठसुद्धा दोनदाच.

"सहाच का? अख्खं ऑफिस हसलं," मी म्हणालो.

"चष्म्याचं ठीक आहे रे छोट्या. पण माणसानं करायचं काय या उन्हात? ते कुठं सांगितलंस?"

"ते आत आहे, बातमीत."

"आत कोण जातं? दारात सांगावं."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई बावीसची, नुकतीच शाळेत लागलेली. डबा, दप्तर, ताप, शाळेतली भांडणं, सगळं तिनंच निस्तरलं. कोणी लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "एक पोर आहे की माझ्या पदरात." माझे निबंध ती लाल पेनानं कापायची. दोन पानांचं एक पान, एका पानाचं अर्धं. मी आज कॉलमभर जागेत जग कोंबतो ते तिच्याच हाताखाली शिकलो. आणि वर सहा गुण!

शुक्रवार, ता. ८

ऑफिसात हवामान खात्यातल्या बाईंचा फोन. रोजचं पत्रक त्याच पाठवतात. आवाज तरुण, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. मी त्यांचं नाव हवामानबाई ठेवलं आहे.

"तुम्ही रोज 'उन्हाची लाट' असं छापता. लाट म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, आली तशी जाईल, चार दिवस अंग चोरून बसलं की झालं. हे जाणारं नाहीये. दर वर्षी लवकर येतंय, जास्त दिवस राहतंय. आणि ते का होतंय हेही आपल्याला माहीत आहे. तुम्ही मात्र 'निसर्गाचा लहरीपणा' लिहून मोकळे होता."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते."

"बाई, जे आहे ते एका कॉलमात बसत नाही."

माझं हे उत्तर मलाच इतकं आवडलं की चहाच्या वेळी तिघांना ऐकवलं. बिचाऱ्या बाईंना आमच्याकडच्या रीती कुठून माहीत असणार? आमच्याकडे 'हवामान बदल' हे शब्द रविवारच्या पुरवणीत जातात. तिथं वितळणारे बर्फाचे डोंगर, समुद्र, अस्वलं असतात. रोजच्या बातमीत ते शब्द आले की वाचक पान उलटतो, असं संपादकांचं म्हणणं. पहिल्या पानावर ऊन, पुरवणीत कारण. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

आजचं शीर्षक: 'सूर्याची फटकेबाजी सुरूच'. ताईचे पाच. "खेळ चाललाय का?" म्हणाली.

रविवार, ता. १०

ताईकडे जाऊन आलो. तिसरा मजला, वर थेट गच्ची. जिने चढताना माझाच श्वास फुलला, ही एकाहत्तरची बाई रोज कशी चढते कोण जाणे. खोलीत शिरलो तर भट्टीचं दार उघडल्यागत वाटलं. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलाय, कारण भिंत रात्रभर तापलेली असते म्हणे. खिडकीवर ओला पंचा. नळाचं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम. पंखा फिरतो, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो.

भिंतीवर तिचा तापमापक आहे. निवृत्त होताना मुलांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला काढून भेट दिला होता. मी बघायला गेलो तर म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतोस? घाम पूस."

पावलं सुजली होती. चहात साखर घातली का, हे तिनं दोनदा विचारलं, आणि मग चहा करायचाच राहिला. गुणांची वही उशाशी होती. मी हात लावला तर हातावर चापटी मारली. "निकाल लागेपर्यंत पेपर बघायचा नसतो."

बायकोनं बजावून पाठवलं होतं म्हणून म्हणालो, "चल आमच्याकडे. थंड खोली आहे." म्हणाली, "तुमच्या घरात लेकीची परीक्षा चाललीय, मी कुठं मध्ये लुडबुडू?" मी फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. ती आली की माझ्या सिगारेटी मोजते.

खाली उतरताना तळमजल्यावरचा शिंपी भेटला. दुकानामागे त्याची कापड कापायची खोली आहे, अंधारी आणि गार. "बाईंना म्हटलं, इथं खाट टाकतो, थोडे दिवस झोपा. ऐकत नाहीत," म्हणाला. मी म्हटलं, तिनं माझं कधी ऐकलंय जे तुझं ऐकेल!

मंगळवार, ता. १२

फोन पावणेआठला. कालच्याच शीर्षकाला पुन्हा गुण दिले. मी म्हटलं, ताई, हे काल दिलेस. "हो का?" म्हणाली. वय झालं आता तिचं.

मग आजचं वाचलं. 'पाऱ्याचा नवा विक्रम!'

"विक्रम म्हणजे काय रे, शाबासकी द्यायची का त्याला?"

चार गुण. अलीकडे फारच कडक झाली आहे. उन्हानं माणसं चिडचिडी होतात हे खरं.

बुधवार, ता. १३

आज संपादक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "दहा दिवस झाले, लोक वैतागलेत. काहीतरी चांगली बातमी द्या."

नशिबानं हवामानबाईंच्या पत्रकात ती होतीच. दुपारचं तापमान येत्या दोन दिवसांत एक-दीड अंशानं उतरण्याची शक्यता. मी शीर्षक केलं: 'दोन दिवसांत दिलासा'. जागेत चपखल बसलं, ना एक अक्षर कमी, ना एक जास्त. संपादकांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी पाचला जाहिरात आली, खोली गार करणाऱ्या यंत्राची. तिला जागा हवी म्हणून बातमीच्या शेवटच्या पाच ओळी उडवल्या. बातमी नेहमी खालून कापतात, शेपटाकडून. महत्त्वाचं सगळं वर असतं, म्हणून खाली कितीही कापलं तरी बिघडत नाही. उडवलेल्या ओळींत बाईंचं नेहमीचंच होतं, रात्री, म्हातारी माणसं, वरचे मजले वगैरे.

गुरुवार, ता. १४

आज पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले!

फोन आठ वाजता आला. "दहा."

"किती?"

"दहा रे. दहापैकी दहा."

मी उभाच राहिलो. लहानपणी निबंधाला दहा मिळावेत म्हणून काय काय केलं होतं. अक्षर घोटलं, समास आखले, एकदा तर रडलो. छप्पन्नाव्या वर्षी मिळाले. मी म्हटलं, "ताई, खरंच?" तर म्हणाली, "छान लिहिलंस. वाचून बरं वाटलं." तोंड कोरडं पडतंय म्हणाली. मी लिंबूपाणी घे म्हणून सांगितलं.

बायकोला सांगितलं तर तिनं विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता?"

"दहा गुणांचा आवाज होता."

"चेष्टा पुरे. आजच जाऊन घेऊन या त्यांना."

"अगं, परवापासून उतरतंय. रविवारी जाणारच आहे."

बायकोला माझं यश कधी साजरं करता आलं नाही.

शुक्रवार, ता. १५

ताईचा फोन सव्वाआठला. आज गुण सांगितलेच नाहीत. म्हणाली, "उद्या ना?"

"काय उद्या?"

"दिलासा."

"हो, हो. उद्याच," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली.

शनिवार, ता. १६

साडेसात वाजून गेले. साडेआठ झाले. फोन नाही.

काल दुपारी तापमान खरंच एका अंशानं उतरलं. माझं शीर्षक खरं ठरलं. इतक्या दिवसांनी रात्री तिला शांत झोप लागली असेल. झोपू दे. मी फोन करून उठवत नाही.

मंगळवार, ता. १९

ताई गेली.

शनिवारी दहाच्या सुमारास शिंप्याचा फोन आला. दूधवाल्यानं दार वाजवलं, उघडलं नाही, म्हणून शिंप्यानं दार तोडलं. मी पोचलो तेव्हा ती पलंगावर होती, खोलीच्या मधोमध. खिडकीवरचा पंचा कोरडा ठणठणीत झाला होता. हात हातात घेतला तर गरम होता, आणि मला वेड्याला वाटलं की आहे, अजून आहे. डॉक्टर म्हणाले, खोलीच इतकी गरम आहे की शरीर गार व्हायला वेळ लागतो.

दाखल्यावर लिहिलंय: वार्धक्य, हृदयक्रिया बंद. सगळे म्हणाले, एकाहत्तर म्हणजे वय झालंच होतं, कोणाला त्रास दिला नाही, झोपेत गेली. मीही मान डोलावत राहिलो. आलेल्या प्रत्येकाला मीच सांगत होतो, झोपेत गेली, झोपेत गेली.

बुधवार, ता. २०

साडेसात वाजता जाग येते.

शुक्रवार, ता. २२

खोली आवरायला गेलो. बायको येते म्हणाली, मी नको म्हटलं.

दाराच्या मागे तिची कापडी पिशवी होती, भरलेली. दोन साड्या, औषधाची डबी, कंगवा, चष्म्याचं घर. मला वाटलं, आमच्याकडे यायचं तिच्या मनात होतं की काय. पिशवी घेऊन खाली आलो तर शिंपी दुकानाच्या पायरीवर बसला होता. पिशवी बघून त्यानं तोंड फिरवलं.

मग सांगितलं. बुधवारी संध्याकाळी ताई त्याला म्हणाली होती, आता वर राहवत नाही, उद्यापासून तुझ्याकडे खालीच झोपते. त्यानं कापडाचे तागे हलवले, खाट टाकली, कोपऱ्यात माठ भरून ठेवला. गुरुवारी सकाळी ती जिना उतरून आली. हातात पिशवी नव्हती, पेपर होता.

"म्हणाल्या, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, कशाला तुझी खोली अडवू? मी म्हटलं, बाई, पेपरात काहीही छापतात. तर माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, माझा भाऊ खोटं लिहीत नाही."

आणि ती तीन जिने चढून परत वर गेली.

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या मशीनवर कोणाची तरी अर्धी शिवलेली बाही तशीच पडली होती.

शनिवार, ता. २३

गुणांची वही आता माझ्याकडे आहे. काल रात्री उघडायची हिंमत झाली नाही, आज सकाळी उघडली.

माझी एकोणीस वर्षं आहेत तिच्यात. हरवलेलं कुत्रं, सहा. पाणीकपात, सात. प्रत्येक कात्रण सरळ कापलेलं, कडेला लाल पेनानं गुण. कोपरा माझ्याकडे आल्यापासून मात्र लाल गुणांच्या खाली पेन्सिलीनं आणखी एक आकडा आहे, बारीक अक्षरात. आधी मला कळेना. मग 'रात्री ९' असं लिहिलेलं दिसलं. ती रोज रात्री नऊला तापमापक बघायची आणि माझ्या शीर्षकाशेजारी खोलीतला आकडा लिहून ठेवायची.

'पारा चाळिशीपार, आता तरी चष्मा लावा!' रात्री ९: ३४ अंश.

'सूर्याची फटकेबाजी सुरूच'. रात्री ९: ३६.

'पाऱ्याचा नवा विक्रम!' रात्री ९: ३८.

शास्त्र शिकवणारी होती ती. तिला काय चाललंय ते माहीत होतं. रोज रात्री डोळ्यांनी बघत होती, तरी तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. सकाळी फोनवर माझ्या विनोदांना गुण देत होती. की सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं? माणसानं करायचं काय, असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं तिनं.

शेवटचं कात्रण. 'दोन दिवसांत दिलासा'. लाल पेनानं १०/१०. आणि शेजारी तीन शब्द: 'खरं ठरू दे.'

खाली पेन्सिलीनं, रात्री ९: ३९. आणि त्याखाली शुक्रवारचा आकडा, तोही ३९. अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. जिनं आयुष्यभर पोरांना समास आखायला लावले तिचं अक्षर.

दुपारचा एक अंश उतरला, रात्रीचा उतरलाच नाही. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. प्रत्येक शब्द खरा होता. हे मी आज दिवसभर स्वतःला सांगतोय आणि त्यानं काडीचाही फरक पडत नाही.

सोमवार, ता. २५

ऑफिसात गेलो. सगळे हळू आवाजात बोलत होते. मी सरळ हवामानबाईंना फोन लावला आणि बुधवारचं पत्रक वाचून दाखवायला सांगितलं.

"पूर्ण?"

"शेवटच्या पाच ओळी."

कागदांची सळसळ झाली. मग त्यांनी वाचलं. "दुपारचं तापमान किंचित उतरलं तरी रात्रीचं उतरणार नाही, आणि धोका रात्रीचाच अधिक आहे. बंद खोलीत शरीराला विसावा मिळत नाही. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ताबडतोब तळमजल्यावर किंवा थंड जागी हलवावं."

मी म्हणालो, "हे शेवटी का लिहिलंत?"

"म्हणजे?"

"एवढं महत्त्वाचं होतं तर शेवटी का?"

"आमच्यात निष्कर्ष शेवटीच असतो," त्या म्हणाल्या. "आधी निरीक्षणं, मग निष्कर्ष. आणि मला वाटलं, शेवटचं वाचलेलं लोकांच्या लक्षात राहतं. म्हणून मुद्दाम ते शेवटी ठेवलं. का, काय झालं?"

एकोणीस वर्षं मी बातम्या खालून कापतोय. तिकडची माणसं सगळ्यात मोलाचं तळाशी ठेवतात हे मला कधी कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. त्यांना आमची रीत माहीत नाही म्हणून मी हसलो होतो.

"तुम्ही ऐकताय ना?" त्या विचारत होत्या.

मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच की माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. त्या बाई फोनवर रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मीच त्यांना पाणी प्या म्हणून सांगत होतो.

मंगळवार, ता. २६

सरकारी आकडा आला. शहरात उन्हाचे संशयित बळी अकरा. त्यात ताई नाही. तिच्या दाखल्यावर वार्धक्य आहे. असे दाखले आणखी किती असतील? हवामानबाई म्हणाल्या, दर वर्षीच्या मानानं या पंधरवड्यात शहरात दोनशेवर माणसं जास्त गेली आहेत, बहुतेक घरात, बहुतेक रात्री. त्यांची बातमी कुठंच नाही, कारण एकेक करून गेली, गाजावाजा न करता. मीसुद्धा झोपेत गेली, झोपेत गेली म्हणत त्यांच्यातलीच एक खपवली.

संपादकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही. "रजा घ्या हवं तर. कोपरा कोणीतरी सांभाळेल. पुन्हा वाढतंय म्हणे शुक्रवारपासून."

"मीच लिहितो," म्हटलं.

बुधवार, ता. २७

आजचं पत्रक आलं. नेहमीसारखं, निरीक्षणं वर, निष्कर्ष तळाशी. मी शेवटची ओळ उचलली आणि शीर्षकाच्या जागी ठेवली.

'वरच्या मजल्यावर कोणी एकटं राहत असेल तर त्यांना आजच खाली आणा.'

त्याखाली पहिल्या वाक्यात लिहिलं की ही लाट नाही, हवामान बदललं आहे, आपल्याच धुरानं बदललं आहे, आणि पुढच्या वर्षीही हे येणार आहे. मग रात्रीचे आकडे. हवामान खात्याचे नाहीत, ताईचे. चौतीस, छत्तीस, अडतीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. 'तिसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकेच्या नोंदी' एवढंच लिहिलं.

फोटोवाला सवयीनं म्हणाला, "कारंजं देऊ?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून निघून गेला.

संपादकांनी कागद दोनदा वाचला. "हे शीर्षक आहे की सूचना?"

"सूचनाच आहे."

"एका कॉलमात बसत नाही."

"नाही बसत."

"लोक घाबरतील हो."

"घाबरू देत," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. "साहेब, माझी बहीण घाबरली नाही. तिनं पिशवी भरली होती. माझं शीर्षक वाचलं आणि ती भरलेली पिशवी दारामागे ठेवली."

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. शेवटी पान पाचवर तीन कॉलम दिले. पहिल्या पानावर नाही. पहिल्या पानावरच्या माझ्या कोपऱ्यात उद्या दुसऱ्या कोणाचं तरी लिहिलेलं 'पुन्हा उकाडा, सरबतांना मागणी' असं जाणार आहे. मी भांडलो नाही. पान पाच तर पान पाच. संध्याकाळी जाहिरात आली तर माझी बातमी वरून कापा, असं मांडणीवाल्याला सांगितलं. तो हसला, त्याला चेष्टा वाटली. मग कळल्यावर म्हणाला, नाही कापत हो, बसवतो कसंही.

गुरुवार, ता. २८

सकाळी पेपर आला. पाचवं पान काढलं, कात्रीनं सरळ कापलं. ताईइतकं सरळ जमलं नाही. तिच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर चिकटवलं. तापमापक आता आमच्या भिंतीवर आहे, त्याचा काल रात्री नऊचा आकडा पेन्सिलीनं खाली लिहिला. लाल पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

साडेसातला फोन वाजला.

साडेसातलाच. मी धावत गेलो. माझा पाय खुर्चीत अडकला, बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेवढ्या चार पावलांत मी काय काय समजून बसलो ते लिहिता येणार नाही.

शिंपी होता.

"वाचलं," तो म्हणाला. "बाजूच्या इमारतीत वरती एक आजोबा असतात, एकटेच. मुलगा परगावी. आत्ता जाऊन घेऊन आलो त्यांना खाली. बाईंसाठी टाकलेली खाट अजून तशीच होती ना. माठही भरलाय."

मी विचारलं, "नीट कळलं का सगळं, वाचून?"

"कळलं की. त्यात न कळण्यासारखं काय होतं?"

"बरं," म्हटलं.

फोन ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून रडलो. बारा दिवसांत पहिल्यांदा. बायकोनं जवळ घेतलं.

वहीत गुणांची जागा कोरी ठेवली आहे.